गळ्याला भोक असलेला माणूस बोलतो, साहेब

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात तंबाखूविरोधी अख्खं पान आलं होतं. चांगलं होतं, डॉक्टरांचे सल्ले, सोडायचं कसं, सगळं होतं, पण मधोमध जो फोटो छापला होता ना, गळ्याला भोक पडलेल्या माणसाचा, आणि खाली ठळक अक्षरात 'आवाज कायमचा गेला', त्याबद्दल हे पत्र लिहितोय. कारण कॅन्सरसाठी स्वरयंत्र काढल्यामुळं तसंच भोक माझ्या गळ्याला आहे आणि मी बोलतो. रोज बोलतो. भाजीवाल्याशी घासाघीस करतो, नातवावर ओरडतो, सोसायटीच्या मीटिंगमध्ये तर माझं बोलणं लोकांना जरा जास्तच होतं असं कानावर आलंय.

विडी-सिगरेट सोडा हे सांगायलाच पाहिजे, त्यात वादच नाही, आणि आपल्या नाशिक जिल्ह्यात तर जास्तच सांगायला पाहिजे, सिन्नर एकेकाळी विड्यांसाठीच ओळखलं जायचं. मी पण ओढायचो, ते सगळ्या पाहुण्यारावळ्यांना सांगून झालंय, इथं ते पुराण नको. माझं म्हणणं वेगळं आहे. तो फोटो बघून एखाद्या पोराने सिगरेट टाकली असेल तर आनंदच आहे, पण तोच फोटो अजून एक माणूस बघत असतो, ज्याला ऑलरेडी कॅन्सर निघालाय, बायोप्सीचा रिपोर्ट पिशवीत आहे, आणि डॉक्टरने सांगितलंय की स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. तो माणूस फोटो बघतो आणि मनाशी ठरवतो की मुका होऊन जगण्यापेक्षा हे ऑपरेशनच नको. मग सुरू होतं, कोणीतरी जडीबुटीवाला सांगतो, कोणीतरी कुठल्यातरी गावचा काढा सांगतो, दोन-चार महिने त्यात जातात, आणि घशाच्या कॅन्सरमध्ये चार महिने म्हणजे काय हे ज्याच्या घरात झालंय त्यालाच माहीत.

सगळ्यांचंच स्वरयंत्र काढतात असं नाही, हे आधी लिहून टाकतो नाहीतर उगाच कोणी घाबरायचं. लवकर लक्षात आलं तर नुसत्या लाईटवर म्हणजे रेडिएशनवर भागतं, कधी लेझरने काढतात, कधी किमो आणि लाईट दोन्ही देऊन स्वरयंत्र वाचवतात. आवाज दोन-तीन आठवडे बसलेला आहे आणि सुटत नाही तर ईएनटीला म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवा, हे यासाठीच सांगतात. पण गाठ पुढं गेलेली असेल किंवा लाईट घेऊन परत आली असेल तर मग पूर्ण काढणं हाच उपाय राहतो, आणि माझ्यासारखे लोक त्यातले.

मागे मी तपासणीला गेलो होतो तेव्हा ओपीडीच्या बाकड्यावर शेजारी एक जण बसलेला, सिन्नरच्या बाजूचा, पन्नाशीचा असेल, बरोबर बायको आणि भाचा. भाचा फाईल घेऊन आत-बाहेर करत होता आणि हा माणूस बसल्या जागी मान हलवत होता, नाही म्हणजे नाही, सही करणार नाही. बायको रडकुंडीला आलेली. आवाज त्याचा तेव्हाच फाटलेला होता, पण त्या फाटक्या आवाजात सुद्धा तो म्हणत होता की शेतावर गडी माणसाला हाक कशी मारू, पोरीचं लग्न जमवायचंय, पाहुण्यांपुढं खुणा करत बसू का. मी गळ्याचा रुमाल जरा बाजूला केला, अंगठा भोकावर ठेवला आणि म्हटलं, "दादा, मारता येती हाक. मी मारतो." तो बघतच राहिला. बायको आधी माझ्या तोंडाकडं, मग गळ्याकडं, मग परत तोंडाकडं, आणि म्हणाली, "अगं बाई, हे तर बोलतात!" मग तिनेच मला प्रश्न विचारायला सुरुवात केली, जेवता येतं का, तिखट चालतं का, झोपेत काही होत नाही ना, आणि नवरा ऐकत होता. अर्ध्या तासाने भाच्याने फाईल पुढं केली तेव्हा त्याने सही केली.

आता मुद्दा असा की डॉक्टरने त्याला हे सांगितलं नव्हतं का? सांगितलं असणार. पण त्या दिवशी कॅन्सर हा एकच शब्द माणसाला ऐकू येतो, पुढचं सगळं डोक्यावरून जातं. बोलणारा माणूस समोर बघितला तेव्हाच त्याला पटलं. तुमच्या पेपरात बोलणारा माणूस कधी दिसत नाही, नुसतं भोक दिसतं.

हे बोलणं होतं कसं ते जरा सांगतो, कारण लोकांना वाटतं काहीतरी मशीन बसवलंय. स्वरयंत्र काढल्यावर श्वासनळीचं वरचं तोंड गळ्याच्या पुढच्या बाजूला आणून कातडीला शिवतात, तेच ते भोक, डॉक्टर स्टोमा म्हणतात. आता नाक-तोंडाचा फुफ्फुसाशी संबंध संपला, श्वास कायमचा गळ्यातूनच. अन्ननळी मात्र तोंडापासून खाली तशीच असते, त्यामुळं जेवण नेहमीसारखं. श्वासनळी पुढं आणि अन्ननळी तिच्या मागं चिकटून, दोघींच्या मधल्या भिंतीला डॉक्टर एक छोटंसं छिद्र पाडतात आणि त्यात सिलिकॉनचा वाल्व बसवतात. बोटाच्या पेरापेक्षा लहान, दोन्ही बाजूला कडा, म्हणजे निसटत नाही. सायकलच्या ट्यूबचा वाल्व कसा, हवा एकाच बाजूने जाऊ देतो, तसंच हे. बोलायचं असलं की श्वास घ्यायचा, गळ्याच्या भोकावर बोट दाबायचं आणि हवा सोडायची, बाहेर जायला वाट नाही म्हणून हवा वाल्वमधून अन्ननळीत घुसते, तिथं वरच्या भागातले स्नायू थरथरतात आणि त्याचा आवाज होतो. शब्द मग तोंड करतं, जीभ, ओठ, दात, टाळू सगळं जिथल्या तिथं आहे. म्हणजे बघा, आवाज नवा पण बोलणं माझंच. 'ळ' माझा आधीही चांगला होता आताही चांगला आहे. आणि उलट बाजूने वाल्व बंद राहतो म्हणून पाणी-भात श्वासनळीत उतरत नाही, निदान वाल्व नवा असेपर्यंत तरी नाही.

आवाज जाडा आणि घोगरा येतो हे खरं. बायकांना याचा जास्त त्रास होतो, एका ताईंना फोनवर सगळे 'भाऊ' म्हणतात, त्या हसून सांगतात पण त्यांना ते लागतं हे दिसतं.

वाल्वशिवाय दोन रस्ते आहेत तेही सांगतो. एक म्हणजे बॅटरीवरचं यंत्र, टॉर्चएवढं, मानेला लावून बटण दाबलं की थरथरतं आणि तोंडाने शब्द करायचे, आवाज एकसुरी निघतो पण काम भागतं आणि परत परत बदलायची भानगड नाही. दुसरं म्हणजे हवा गिळून ढेकरेवर बोलणं, त्याला पैसा लागत नाही, पण शिकायला महिनोन्महिने जातात आणि सगळ्यांना जमत नाही. मला नाही जमलं. ज्यांना जमतं त्यांना माझा साष्टांग नमस्कार.

ही काही कालची गोष्ट नाही. कॅन्सरसाठी पूर्ण स्वरयंत्र काढायचं पहिलं ऑपरेशन व्हिएन्नात बिलरोथ नावाच्या सर्जनने १८७३ च्या ३१ डिसेंबरला केलं, आणि तेव्हाच त्याच्या हाताखालच्या गुसेनबावर नावाच्या डॉक्टरने त्या पेशंटसाठी धातूची पत्ती असलेलं कृत्रिम स्वरयंत्र बनवलं होतं. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी, भूल द्यायची साधनं काय, अँटिबायोटिक नाही, तरी त्या लोकांना पहिल्याच पेशंटला सुचलं की बुवा याला बोलायला काहीतरी दिलं पाहिजे. आत्ताचा वाल्व मात्र १९८० च्या आसपासचा, अमेरिकेत इंडियानापोलिसला मार्क सिंगर आणि एरिक ब्लॉम यांनी आणला. त्यातला सिंगर हा सर्जन आणि ब्लॉम हा स्पीच थेरपिस्ट. मला ही जोडी फार महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडं सर्जनचं नाव बोर्डावर मोठ्या अक्षरात असतं आणि थेरपिस्ट कुठल्या रूममध्ये बसते ते वॉर्डबॉयला पण सांगता येत नाही. वाल्व बसवणं सर्जनचं काम, पण बोट किती दाबायचं, श्वास किती सोडायचा, एका श्वासात किती शब्द, घाईत जोर लावला की आवाज अडकतो तेव्हा काय करायचं, हे सगळं थेरपिस्टने शिकवलं. पहिल्यांदा नुसता 'आ' निघाला. मग आकडे. एक ते दहा एका श्वासात म्हणता यायला लागले तेव्हा मॅडम म्हणाल्या आता घरी जाऊन भांडा.

तर आता पैशाचं. हा मुद्दा सगळ्यात मोठा आहे आणि त्याच्यासाठीच खरं हे पत्र आहे.

ऑपरेशन सरकारी योजनेतून झालं, त्याबद्दल तक्रार नाही, उपकारच आहेत. पण वाल्व ही एकदा बसवून विसरायची वस्तू नाहीये. तो झिजतो. तोंडात-घशात आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या बुरशी असते, कँडिडा म्हणतात, ती सिलिकॉनवर चढते, पांढरा थर जमतो आणि वाल्वचं झाकण नीट मिटत नाही. मग चहाचा घोट घेतला की थेंबभर श्वासनळीत उतरतो आणि असा ठसका लागतो की समोरचा पाठ चोळायला धावतो. एखाद्याचा वाल्व दोन-तीन महिन्यांत जातो, एखाद्याचा सहा महिने, नशीब असलं तर वर्ष. आणि बाहेरच्या कंपन्यांचा वाल्व घ्यायला गेलात तर वीस-तीस हजाराच्या घरात जातो. आता हिशोब तुम्हीच करा, सातपूरच्या कंपनीत स्टोअरला होतो मी, पेन्शन म्हणून जे येतं ते सांगायला लाज वाटते, त्यात हे कसं बसवायचं. माझा मुलगा नोकरीला आहे म्हणून चाललंय. नाहीतर माणसं काय करतात माहितीये का, गळणारा वाल्व तसाच ठेवतात आणि पाणी प्यायचंच कमी करतात. किंवा पाण्यात पीठ कालवून घट्ट करून पितात म्हणजे उतरत नाही. उन्हाळ्यात हे चाललेलं मी डोळ्यांनी बघितलंय. आणि रोज थोडं थोडं फुफ्फुसात जात राहिलं की न्यूमोनिया होतो, मग ॲडमिट, मग आयसीयू. तो आयसीयूचा खर्च मात्र कोणी ना कोणी करतंच, वाल्वचा करत नाही!

ते सिन्नरकडचे दादा, ज्यांनी त्या दिवशी सही केली, त्यांचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. वाल्व नाही बसवला. पैशाचं जमेना. आता पोराची पाटी घेऊन लिहून दाखवतात आणि शेतावर गड्याला हाक मारायला शिट्टी वाजवायची सोय पण नाही, कारण तोंडातून हवाच येत नाही, म्हणून पत्र्यावर काठी आपटतात. मी त्यांना छातीठोक सांगितलं होतं की मारता येती हाक. मी खोटं नव्हतो बोललो, पण त्यांच्यापुरतं ते खोटंच ठरलं ना.

बंगलोरच्या डॉ. विशाल राव यांनी एका इंजिनियर मित्राला बरोबर घेऊन पन्नास रुपयांचा वाल्व बनवला अशा बातम्या १०-१२ वर्षांमागे सगळीकडं आल्या होत्या, 'ओम' नाव त्याचं. तेव्हा आम्हाला यातलं काही घेणं-देणं नव्हतं म्हणून वाचून सोडून दिली असेल. मला एवढंच म्हणायचंय की ही वस्तू भारतात बनू शकते आणि स्वस्तात बनू शकते हे एकाने दाखवून झालंय. मग प्रत्येक जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात डायबिटीसची गोळी जशी दर महिन्याला मिळते तसा वाल्व बदलून का मिळू नये? गोळी संपली तर योजनेत एकदाच दिली होती असं कोणी म्हणत नाही. हे पण औषधच आहे हो. याला 'एकदा दिलं की झालं' या रकान्यातून काढून 'चालू' रकान्यात टाका, एवढीच मागणी, ती आमदार-खासदार-पालकमंत्री कोणाच्याही कानावर घालायची ताकद माझ्यात नाही, तुमच्या पेपरात आहे.

आणि नुसता वाल्व देऊन पण चालणार नाही, बदलणारा माणूस पाहिजे. ऑपरेशननंतर सूज असते म्हणून पहिला वाल्व लांब बसवतात, सूज उतरली की तो सैल होतो, पुढं-मागं हलतो, मग मोजून कमी लांबीचा घालावा लागतो. गळत असेल तर मधून गळतोय की कडेने हे रंगीत पाणी पाजून टॉर्चने बघावं लागतं, मधून असेल तर वाल्व बदलायचा, कडेने असेल तर वेगळी ट्रीटमेंट. हे शिकलेल्या माणसाचं काम दहा-पंधरा मिनिटांचं आहे. पण तो माणूस नसला तर पेशंट पहाटेची गाडी पकडून मुंबईला जातो, परळच्या हॉस्पिटलात लाईन लावतो, रात्री परत येतो, कसाऱ्याचा घाट दोनदा. पेठ-सुरगाण्याच्या माणसाने काय करायचं? त्याला नाशिकच लांब आहे.

अजून एक गोष्ट जी प्रत्येक पेशंटच्या घरी माहीत पाहिजे. वाल्व कधीकधी खोकताना निसटून बाहेर येतो. तेव्हा उद्या जाऊ परवा जाऊ करायचं नाही, ते छिद्र काही तासांत आकसायला लागतं आणि बंद झालं तर परत पाडावं लागतं. लाल रबराची नळी घरात ठेवायची, ती छिद्रात कशी घालून ठेवायची हे आधीच थेरपिस्टकडून शिकून घ्यायचं, आणि तसंच दवाखाना गाठायचा. आणि निसटलेला वाल्व हातात सापडला नाही तर तो श्वासनळीत पडलाय का ते लगेच बघून घ्यायचं, थांबायचं नाही. आमच्या हिने नळी देवघराच्या ड्रॉवरमध्ये ठेवलीय, उदबत्तीच्या पुड्याशेजारी, कारण तो ड्रॉवर अंधारात पण सापडतो म्हणे.

रोजचं म्हणाल तर सकाळी आरशासमोर उभं राहून बारीक ब्रशने वाल्व आतून साफ करायचा, बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लूच ते, घालायचा, फिरवायचा, काढायचा, धुवायचा, परत. डोळ्यात पाणी येतं, खोकला येतो, मग स्वच्छ आवाज लागतो. हे केलं नाही त्या दिवशी दुपारपर्यंत आवाज चिकट होतो. हॉलंडमध्ये ग्रोनिंगेनच्या विद्यापीठात लोकांनी ताकावर प्रयोग केलेत, तिकडच्या पेशंट लोकांचं म्हणणं होतं की ताक पिलं की वाल्व जास्त टिकतो म्हणून. तसे बुरशी कमी व्हायचे परिणाम त्यांना दिसले. हे मी घरी वाचून दाखवलं तेव्हापासून माझ्या ताटाला रोज ताक आहे आणि वर ऐकवलं जातं की हॉलंडला कशाला जायला पाहिजे होतं, मला विचारायचं. ताकाने ब्रश सुटत नाही बरं का, डॉक्टर अजूनही आधी ब्रशच विचारतात.

बाकी बदल काय काय होतात ते बाहेरून कळत नाहीत. चहा फुंकून गार करता येत नाही, बशीत ओतावा लागतो. नाकातून हवा जात नाही म्हणून वास गेला, मिसळीची तर्री समोर आली तरी नुसता लाल रंग. मग थेरपिस्ट मॅडमनी एक युक्ती शिकवली, ओठ मिटून ठेवायचे आणि आतल्या आत जांभई दिल्यासारखा जबडा खाली घ्यायचा, नाकातून थोडी हवा ओढली जाते आणि वास येतो, ही पण हॉलंडवाल्यांचीच. बसमध्ये हे करत बसलो की लोक बघतात. थंडीत, निफाडचा पारा खाली गेल्याच्या बातम्या तुम्ही छापता ना, त्या दिवसांत गार कोरडी हवा सरळ छातीत जाते, नाक गरम करून पाठवायचं तो कारभारच बंद, कफ वाढतो, म्हणून गळ्यावर फिल्टर नाहीतर निदान ओलसर रुमाल पाहिजे. नाशिकच्या द्वारका चौकातल्या सिग्नलला तर बारा महिने पाहिजे, तिथली धूळ वेगळीच. कोरोनात वाचमन सारखा ओरडायचा की काका मास्क वर करा, अहो म्हटलं माझं नाक खाली आहे, शेवटी दोन मास्क लावायला लागलो, एक माझ्यासाठी एक वाचमनसाठी.

पाण्याची मात्र खरी भीती. शॉवर सरळ गळ्यावर घ्यायचा नाही, पोहणं बंद. रंगपंचमीला आपल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, उडी मारणारी जी मंडळी आहेत, मी पण त्यातला, आता कडेला उभा राहून बघतो आणि पोरं रंग घेऊन आली की आधी दोन्ही हात गळ्यावर. कमरेच्या वर पाणी म्हणजे आमच्यासाठी बुडणंच.

आणि यावरून सिंहस्थाचं सांगायचं राहिलं. २०२७ ला सगळा देश गोदेवर येणार, त्यात माझ्यासारखे गळ्याने श्वास घेणारे पण असणारच, आणि गर्दीत कोणी चक्कर येऊन पडलं तर पहिली धाव पोलीस, होमगार्ड, ॲम्ब्युलन्सची पोरं यांची. त्यांना कोणीतरी हे शिकवा की गळ्याला भोक दिसलं तर ऑक्सिजनचा मास्क गळ्यावर लावायचा, माझ्यासारख्या स्वरयंत्र काढलेल्याला नाका-तोंडावर लावून काडीचा उपयोग नाही, ती वाटच बंद आहे. तोंडाने श्वास द्यायची वेळ आली तरी गळ्यातून द्यायचा. आणि भोकावर बांधलेल्या रुमालाने किंवा फिल्टरने भोक बुजलंय का ते बघा. सिंहस्थाच्या ट्रेनिंगमध्ये दोन मिनिटांत सांगून होईल एवढंच आहे. माझ्या पाकिटात मी कार्ड ठेवलंय, 'मी गळ्याने श्वास घेतो', मोठ्या अक्षरात, मराठी आणि हिंदी.

एक कायद्याची गोष्ट, जी ऑपरेशन झालेल्या बहुतेक घरांत माहीत नसते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात वाचा आणि भाषेचं अपंगत्व आहे, आणि त्याच्या व्याख्येत स्वरयंत्र काढल्याचा नाव घेऊन उल्लेख आहे. म्हणजे सर्टिफिकेट मागायला आपण जातो ते उपकार मागायला नाही जात. मी गेलो तेव्हा खिडकीवरचे साहेब म्हणाले, काका तुम्ही तर बोलताय, मग अपंग कसे. आता यावर काय उत्तर देणार, हसलो, आणि माझ्या हसण्याला आवाज नसतो त्यामुळं त्यांना वाटलं मी चिडलो. कायद्याच्या त्या पानाची झेरॉक्स नेली होती, ती पुढं सरकवली, मग काम झालं. ज्यांना जायचंय त्यांनी झेरॉक्स न्या.

लोकांच्या वागण्याबद्दल फार लिहीत नाही, नाशिककर तसा समजूतदार आहे. फक्त आमच्या वतीने बोलू नका. बँकेत, दवाखान्यात, किराणा दुकानात सगळे माझ्याशी न बोलता बायकोला विचारतात, "यांना काय हवंय?" अहो, यांना विचारा ना यांना काय हवंय. आणि ओरडून पण नका बोलू, कानाला काही झालेलं नाही.

तर साहेब विनंती अशी की पुढच्या ३१ मे ला, तंबाखूविरोधी दिनाला, परत पान काढाल तेव्हा तो फोटो टाकायचा तर टाका, भीती दाखवायची तर दाखवा, पण त्याच पानावर एक चौकट ठेवा, की स्वरयंत्र काढलेला माणूस बोलू शकतो, ऑपरेशनला नाही म्हणण्याआधी डॉक्टरकडं वाल्वची चौकशी करा आणि थेरपिस्टला भेटल्याशिवाय घरी जाऊ नका. आणि तुमच्या वार्ताहराला जरा जिल्ह्यात फिरवा, ऑपरेशन झालेल्या किती जणांच्या गळ्यात वाल्व आहे, किती जणांचा गळतोय, किती जण पाटीवर लिहितायत, हे विचारून छापा. माझं पत्र एकदा छापून येईल आणि रद्दीत जाईल, बातमी आली तर निदान कोणीतरी फाईल उघडेल.

ज्यांचं ऑपरेशन ठरलंय आणि ज्यांना एखादा बोलणारा माणूस समोर बघायचाय त्यांना भेटायला मी सिडकोतून कुठंही यायला तयार आहे, नाशिकरोड, पंचवटी, ओझर, कुठंही, चहापाण्याची अपेक्षा नाही, फक्त चहा दिलात तर बशी द्या. माझा नंबर वेगळ्या कागदावर जोडलाय, तो छापू नका, कोणी मागितला तर द्या. फोन उचलल्यावर पहिले दोन-तीन सेकंद काही ऐकू येणार नाही, मला मोबाईल एका हातात धरून दुसऱ्या हाताने रुमाल सारून बोट लावायला वेळ लागतो, कट करू नका.

आपला,
एक नियमित वाचक
सिडको, नाशिक
(नाव छापू नये ही विनंती)